शनिवार-रविवारचा प्रवास: रूळ की रस्ता?

आठवड्याच्या शेवटी दोन दिवस बाहेरगावी जाऊन येण्याची प्रथा आज शहरी मध्यमवर्गाच्या अंगवळणी पडली असली, तरी तिच्यासाठी आधी दोन गोष्टी अस्तित्वात याव्या लागल्या: ठरलेल्या वारी हमखास मिळणारी सुट्टी आणि त्या सुट्टीच्या आत नेऊन परत आणणारे वाहन. मुंबईत यांपैकी वाहन आधी आले आणि सुट्टी नंतर. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मात्र नारायण मेघाजी लोखंडे यांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर १० जून १८९० पासून मिळू लागली. पुढे कचेऱ्यांमधून शनिवारी अर्धा दिवस काम करण्याची पद्धत रुळली, आणि राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला तो थेट २९ फेब्रुवारी २०२० पासून. शुक्रवारची संध्याकाळ ते रविवारची रात्र असा साधारण पन्नास तासांचा अवधी, त्यातही झोपेचे तास वजा जाता उरणारा वेळ, हीच या प्रवासाची मूळ मर्यादा आहे. महिनाभराच्या यात्रेत चार तास वाया गेले तर त्याची खंत राहत नाही, पण दोन दिवसांच्या सहलीत तेच चार तास सहलीचा गाभाच खाऊन टाकतात. म्हणून आगगाडी की मोटार हा प्रश्न शनिवार-रविवारच्या प्रवासात जितका खरा होतो तितका इतर प्रवासात क्वचितच होतो.

मुंबई आणि पुणे या दोन महानगरांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर भूगोलापासून सुरू करावे लागते. मुंबई कोकणपट्टीवर, समुद्रसपाटीला आहे, पुणे दख्खनच्या पठारावर आहे आणि दोहोंच्या मध्ये सह्याद्रीचा कडा उभा आहे. मुंबईकराला लोणावळा, पुणे, नाशिक किंवा महाबळेश्वर यांपैकी कुठेही जायचे असले तरी घाट चढावा लागतो, आणि पुणेकराला समुद्र पाहायचा असला तर तो उतरावा लागतो. हा चढ रुळावर आणि रस्त्यावर दोन वेगवेगळ्या रीतींनी अडचण निर्माण करतो, आणि निवडीचा बराचसा भाग त्या रीतींमधल्या फरकावर ठरतो.

आगगाडीचे चाक पोलादाचे आणि रूळही पोलादाचा असल्याने त्यांच्यातील लोळण-विरोध, म्हणजे चाक पुढे सरकताना होणारा अटकाव, डांबरी रस्त्यावरील रबरी टायरच्या तुलनेत सुमारे एक-दशांश इतका कमी असतो. सपाटीवर हा मोठा लाभ ठरतो, कारण थोड्या शक्तीत प्रचंड वजन ओढता येते. चढावर मात्र हाच गुळगुळीतपणा आड येतो, कारण चाकाला पकड मिळत नाही. त्यामुळे जिथे मोटार सहज चढून जाते असा रस्त्यावरचा सौम्य चढही रेल्वेच्या दृष्टीने कडक ठरतो. बोर घाटातील लोहमार्गाचा सर्वांत तीव्र चढ ३७ मीटरला १ मीटर, म्हणजे किलोमीटरमागे सुमारे २७ मीटर इतका आहे, आणि प्रमुख ब्रॉडगेज मार्गांवरील तो देशातील अत्यंत कठीण चढांपैकी एक गणला जातो. कसाऱ्याच्या थळ घाटातही चढाचे प्रमाण तेच आहे.

बोर घाटातील मार्ग १८६३ साली खुला झाला. त्याआधी काही वर्षे मुंबईकडील गाडी घाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत आणि पुण्याकडील गाडी माथ्यावर खंडाळ्यापर्यंत येत असे, आणि मधला टप्पा उतारूंना पालखी, डोली किंवा तट्टू यांवर पार करावा लागे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी आखलेल्या या कामावर हजारो मजूर अपघातांनी आणि रोगराईने दगावले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येथे आल्यावर अल्पावधीतच मरण पावले आणि त्यांच्या पत्नी अॅलिस ट्रेडवेल यांनी ते कंत्राट पुढे चालवून पुरे केले. आज वातानुकूलित डब्यात बसून धबधब्यांची छायाचित्रे टिपणाऱ्या प्रवाशाला ज्या बोगद्यांमधून नेले जाते, त्यांची ही किंमत पाठ्यपुस्तकांत एका वाक्यापुरतीही क्वचितच सांगितली जाते.

कर्जत ते लोणावळा हे अंतर २८ किलोमीटरांचे असून तेवढ्यात गाडीला पाचशेहून अधिक मीटर उंची गाठावी लागते. त्यासाठी कर्जतला गाडीच्या मागे ‘बँकर’ म्हणजे ढकलणारी जादा इंजिने जोडली जातात, आणि ती जोडली जाईपर्यंत फलाटावर वडापाव विकणाऱ्यांची जी धांदल चालते तिला या तांत्रिक थांब्यानेच जन्म दिला आहे. उतरताना प्रश्न उलटा होतो, कारण आता गाडी आवरायची असते. घाटात ठरावीक ठिकाणी मुख्य मार्गातून एक आखूड फाटा चढाच्या दिशेने काढलेला असतो, त्याला ‘कॅच साइडिंग’ म्हणतात, आणि सांधे एरवी त्या फाट्याकडेच वळवून ठेवलेले असतात. चालकाने गाडी पूर्ण थांबवून ती आपल्या ताब्यात असल्याचे दाखवले की मगच सांधे बदलून मुख्य मार्ग मोकळा केला जातो. ब्रेक निकामी झालेली गाडी असेल तर ती आपोआप फाट्यावर जाऊन चढावर वेग हरवते. पुण्याहून मुंबईकडे येताना गाडी घाटात काही कारण नसताना थांबल्यासारखी वाटते, त्यामागे बहुधा ही सावधगिरी असते. रेल्वे घाटात वेळ घेते हे खरे, पण तो वेळ वेळापत्रकात आधीच धरलेला असतो.

मुंबई-पुणे मार्गावरील सर्वांत नामांकित गाडीचा आरंभच सुट्टीच्या प्रवासासाठी झाला होता. घाटातील मार्गाचे विद्युतीकरण पुरे झाल्यावर १ जून १९३० रोजी सुरू झालेली डेक्कन क्वीन ही प्रथम कल्याण आणि पुणे यांच्या दरम्यान शनिवार-रविवारी धावणारी गाडी होती. तिला सात-सात डब्यांचे दोन संच होते आणि फक्त पहिला व दुसरा वर्ग होता. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांना तिच्यात जागा मिळाली ती १९५५ पासून. मुंबईतील सधन मंडळींना सुट्टीसाठी पुण्याला नेणारी ही गाडी लवकरच रोज मुंबईपर्यंत धावू लागली आणि कालांतराने पुण्याहून नोकरीसाठी येणाऱ्यांची हक्काची गाडी बनली. त्याच काळात घाटात मालगाड्या ओढणारी लांबट विद्युत इंजिने उतारावर आपल्या मोटारी जनित्राप्रमाणे चालवून वीज परत तारेत सोडत असत. रेल्वे कामगार त्या इंजिनांना ‘खेकडा’ म्हणत. गाड्या उतरवताना निर्माण होणाऱ्या शक्तीचा असा पुनर्वापर आजच्या विद्युत इंजिनांतही होतो, तर घाट उतरणारी पेट्रोलची मोटार ती सगळी शक्ती ब्रेक तापवण्यात घालवते.

रस्त्याची कथा अधिक अलीकडची आहे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० बाजारात आल्यानंतर स्वतःची मोटार ही हळूहळू मध्यमवर्गाच्या आटोक्यातली वस्तू झाली, आणि २००२ मध्ये कळंबोली ते किवळे हा ९४.५ किलोमीटरांचा सहा पदरी द्रुतगती मार्ग संपूर्ण खुला झाल्यावर मुंबई-पुणे प्रवासाचा तोल रस्त्याकडे झुकला. वाहतूक सुरळीत असेल तर नवी मुंबईच्या टोकापासून पुण्याच्या वेशीपर्यंत दीड तासात पोचता येते, आणि रेल्वेला दादर ते पुणे यासाठी सुमारे तीन तास लागतात. केवळ याच दोन आकड्यांवर निर्णय करायचा तर तो केव्हाच लागला असता.

परंतु ‘वाहतूक सुरळीत असेल तर’ या चार शब्दांतच शनिवार सकाळची सारी अडचण दडलेली आहे. महामार्गाच्या एका मार्गिकेतून, म्हणजे एका रांगेतून, उत्तम परिस्थितीत ताशी साधारण दोन हजार वाहने जाऊ शकतात. त्या मर्यादेच्या जवळ पोचताच पुढच्या एका वाहनाने ब्रेक दाबला तरी त्याचा परिणाम मागे लाटेसारखा पसरत जातो आणि प्रवाह विस्कटतो. द्रुतगती मार्गावर ही मर्यादा सर्वांत आधी घाटात गाठली जाते, आणि त्याला आखणीतलेच एक कारण आहे. सपाटीवर द्रुतगती मार्ग आणि जुना मुंबई-पुणे महामार्ग हे वेगवेगळे धावतात, पण घाटाच्या अरुंद जागेत ते एकत्र येतात आणि खंडाळ्याजवळ पुन्हा विलग होतात. दहा पदरांची वाहतूक सहा पदरांत कोंबली जाते, त्यात एक-दोन पदर चढावर रांगणाऱ्या मालमोटारींनी व्यापलेले असतात, आणि एखादी मालमोटार बंद पडली की मागची रांग खालापूरच्या पथकर नाक्याकडे सरकू लागते. १८३० साली बांधलेला अमृतांजन पूल, ज्याचे खांब रस्त्याच्या मधोमध येऊन वाहने अडत, तो एप्रिल २०२० मध्ये पाडण्यात आला. त्याने एक अडथळा दूर झाला, पण घाटाची रुंदी वाढली नाही.

येथे वाहतूकशास्त्रातील एक भेद उपयोगी पडतो. प्रवासाला सरासरी किती वेळ लागतो आणि तो वेळ किती कमी-जास्त होतो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मर्यादित सुट्टी असलेल्या माणसाच्या दृष्टीने दुसरी अनेकदा अधिक महत्त्वाची असते. मोटारीने लोणावळ्याला कधी दोन तासांत पोचता येते आणि कधी चार तासही पुरत नाहीत. रेल्वेने अडीच तास लागतात आणि ते बहुतेक वेळा अडीच किंवा पावणेतीनच राहतात. ज्याला दुपारच्या लग्नाला पोचायचे आहे त्याला या मोजमापाने गाडी जवळची ठरते, तर ज्याची कुठेच वेळ ठरलेली नाही आणि जो पहाटे चारला निघू शकतो त्याला रस्ता. पावसाळ्यात रेल्वेचाही हा भरवसा कमी होतो, कारण घाटात दरड कोसळली तर गाड्या रद्द होतात किंवा अन्य मार्गाने वळवल्या जातात.

शिवाय घराच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंतचा वेळ मोजायचा तर रेल्वेच्या बाजूला आणखी काही भर टाकावी लागते. ठाणे, कल्याण किंवा दादर परिसरात राहणाऱ्याला पुण्याची गाडी जणू दारातच मिळते, पण बोरिवलीच्या कुटुंबाला शुक्रवारी संध्याकाळी दोन बॅगा आणि एक लहान मूल घेऊन लोकलने दादरला येणे हाच प्रवासाचा सर्वांत कष्टाचा टप्पा वाटतो. वाहतूक नियोजक असे मानतात की चालण्यात किंवा फलाटावर वाट पाहण्यात गेलेले मिनिट माणसाला गाडीत बसून गेलेल्या मिनिटापेक्षा सुमारे दीडपट ते दुप्पट लांब वाटते. पैसा, वेळ आणि त्रास यांना एकत्र मोजण्याच्या या पद्धतीला सर्वसमावेशक प्रवासखर्च असे म्हणता येईल. उलट बाजूने, गाडीत बसल्यावरचे तीन तास वाचनाला, झोपेला, पत्त्यांच्या डावाला किंवा मुलांशी बोलायला उपलब्ध असतात, आणि मोटार चालवणाऱ्याचे तीन तास हे निव्वळ श्रम असतात. चारजणांच्या मोटारीत तिघे सहलीला निघालेले असतात आणि एक जण कामावर असतो, ही बाब कुटुंबाच्या हिशेबात सहसा धरली जात नाही.

पैशांचा हिशेब वरवर पाहता सोपा आहे, परंतु त्यात सर्वाधिक गफलत होते. दादर ते पुणे हे अंतर सुमारे दीडशे किलोमीटर, मोटार लिटरला पंधरा किलोमीटर जाते आणि पेट्रोलचा भाव शंभराच्या किंचित वर आहे असे गृहीत धरले, तर एका बाजूचे इंधन हजार-पन्नास रुपयांचे होते. द्रुतगती मार्गाचा पथकर एप्रिल २०२३ च्या दरवाढीने मोटारीला एका बाजूस ३२० रुपये झाला. म्हणजे जाऊन-येऊन पावणेतीन हजारांच्या आसपास खर्च येतो. आगगाडीच्या दुसऱ्या वर्गाच्या आरक्षित आसनाला एका बाजूस शंभर-सव्वाशे आणि वातानुकूलित चेअर कारला चारशेच्या घरात भाडे पडते असे धरले, तर एकट्या माणसाला रेल्वे कितीतरी स्वस्त पडते, दोघांनाही पडते, पण वातानुकूलित डब्याने जाणारे चौघे असले की तिकिटांची बेरीज तीन हजारांच्या पुढे जाते आणि स्थानकापर्यंतचे रिक्षाभाडे धरता मोटारच स्वस्त ठरते. रेल्वेचे भाडे माणसामागे वाढते, मोटारीचा खर्च वाहनामागे ठरतो, आणि या मार्गावर तिसऱ्या-चौथ्या माणसाच्या आसपास तराजू कलतो.

मात्र या हिशेबात मोटार फुकट मिळाली आहे असे धरलेले असते. आठ लाखांची मोटार दहा वर्षे वापरून दोन लाखांना विकली आणि वर्षाला दहा हजार किलोमीटर चालवली, असे उदाहरण घेतले तर केवळ घसाऱ्याचा, म्हणजे वापरामुळे आणि काळामुळे किंमत उतरण्याचा, भार किलोमीटरला सहा रुपये पडतो. विमा, देखभाल आणि टायर धरता तो नऊ-दहा रुपयांवर जातो. तीनशे किलोमीटरांच्या सहलीचा खरा खर्च त्यामुळे जवळपास दुप्पट होतो. तरीही प्रवाशाची समजूत सर्वस्वी चुकीची म्हणता येणार नाही, कारण मोटार दारात उभी राहिली तरी तिची किंमत उतरतच असते आणि विम्याचा हप्ताही चुकत नाही. जो खर्च निर्णय काहीही झाला तरी व्हायचाच आहे, तो त्या निर्णयात धरू नये हे अर्थशास्त्राचे तत्त्व आहे. यातून निघणारा निष्कर्ष असा की खरी निवड शनिवारी सकाळी होतच नाही. ती मोटार विकत घेण्याच्या दिवशी झालेली असते, आणि त्यानंतरची प्रत्येक सहल त्या खरेदीचे समर्थन करत राहते. ज्यांच्याकडे मोटार नाही आणि जे गरजेपुरती भाड्याने घेतात, त्यांना पूर्ण खर्च एकदम दिसतो आणि म्हणून ते अधिक नेमकेपणाने निवड करतात.

सुरक्षिततेच्या बाबतीत अशी काटेकोर तोलामापाची गरज नाही. अधिकृत आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात होऊन १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांपैकी पंधरा हजारांहून अधिक मृत्यू महाराष्ट्रातील होते. रेल्वेच्या हद्दीतही दरवर्षी फार मोठ्या संख्येने माणसे मरतात हे नाकारता येत नाही, पण ते मृत्यू प्रामुख्याने रूळ ओलांडताना किंवा गर्दीच्या लोकलमधून पडून होतात. आरक्षित आसनावर बसून पुण्याला जाणाऱ्या प्रवाशाचा धोका त्या मानाने अगदी अल्प आहे. वाहतूक टाळण्यासाठी पहाटे चारला निघणारा चालक शुक्रवारचा पूर्ण दिवस काम करून जेमतेम चार-पाच तास झोपलेला असतो, आणि रविवारी रात्री परतणारा दोन दिवसांच्या दगदगीनंतर चाकामागे बसलेला असतो. झोप अनावर होण्याची वेळ आणि रस्ता मोकळा असण्याची वेळ एकच असते, ही या प्रवासातील सर्वांत चिंतेची गोष्ट आहे.

एवढे सगळे जमेला धरूनही निवड पुष्कळदा मधल्या मोठ्या टप्प्यावर ठरत नाही. ती शेवटच्या काही किलोमीटरांवर ठरते. लोणावळ्याचे स्थानक गावातच आहे, आणि पुण्याहून तेथवर १९७८ पासून लोकल धावतात. भुशी धरणावर जाणाऱ्या पावसाळी गर्दीला तर स्थानकावरून रिक्षाने जाणे मोटारीपेक्षा सोयीचे आहे, कारण गर्दीच्या दिवशी पोलीस तो रस्ताच वाहनांना बंद करतात. हे धरण मुळात वाफेच्या इंजिनांना पाणी पुरवण्यासाठी रेल्वेने बांधले होते. नाशिकचे स्थानक मात्र नाशिक रोडला, पंचवटीपासून नऊ-दहा किलोमीटर दूर आहे, आणि जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाल्यावर कसारा घाटाला पर्याय मिळून तेथे मोटारीचा पक्ष बळावला आहे. महाबळेश्वरला लोहमार्गच नाही.

माथेरानचे उदाहरण या सर्वांहून वेगळे, म्हणून अधिक बोधक आहे. तेथे मोटारींना पूर्वापार बंदी असल्याने मोटारवाल्याला दस्तुरी नाक्यावर वाहन उभे करून उरलेले सुमारे अडीच-तीन किलोमीटर पायी, घोड्यावर किंवा आता ई-रिक्षात जावे लागते, तर नेरळपर्यंत लोकलने आलेला माणूस आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने उभारलेल्या आणि १९०७ मध्ये सुरू झालेल्या दोन फुटी रुळांच्या छोट्या गाडीने थेट बाजारपेठेत उतरतो. ही गाडी मंद आहे, तिची तिकिटे थोडी आहेत आणि पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा भाग बंद राहतो. पण लाल मातीच्या वाटेवर एकही मोटार नसल्यामुळेच ते गाव जाण्याजोगे राहिले आहे. मोटारीने जाण्याची मोकळीक प्रत्येकाला दिली असती, तर जिथे जायचे ते ठिकाणच उरले नसते.

कोकणात हा शेवटचा टप्पा फार लांबतो. १९९८ मध्ये पूर्ण झालेला कोकण रेल्वेचा मार्ग डोंगराच्या कुशीतून जातो आणि पर्यटकाला हवा असलेला समुद्र त्याच्या पश्चिमेला दूर राहतो. खेडला उतरून दापोली अठ्ठावीस-तीस किलोमीटर आणि हर्णै त्याहून पुढे, चिपळूणहून गुहागर पंचेचाळीस किलोमीटरांच्या आसपास, अशी ही अंतरे आहेत. एसटी आहे, पण गाडी फलाटावर लागण्याची वेळ आणि एसटी सुटण्याची वेळ यांचा मेळ असतोच असे नाही, आणि वडाप किंवा रिक्षावाला परतीचे भाडे धरूनच आकडा सांगतो. आजी-आजोबा, मुले आणि आंब्याच्या पेट्या असा लवाजमा असलेल्या कुटुंबाने येथे मोटार निवडली तर तिला दोष देता येत नाही. अलिबागपुरता मात्र एक तिसरा मार्ग निघाला आहे: मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारीसकट नेणारी रो-रो बोट तासाभरात पोचवते आणि पेण-वडखळची सगळी दमछाक वाचते.

तरीही कोकणच्या बाबतीत रेल्वेकडे एक असे बलस्थान आहे जे मोटारीला कधीच साधत नाही, आणि ते म्हणजे रात्र. शुक्रवारी रात्री अकराच्या सुमारास मुंबईहून सुटणारी कोकणकन्या झोपेतच प्रवाशाला शनिवारी सकाळी तळकोकणात पोचवते, आणि रविवारी संध्याकाळी निघालेली तीच गाडी सोमवारी पहाटे मुंबईत आणून सोडते. पन्नास तासांच्या सुट्टीतले प्रवासाचे तास अशा रीतीने झोपेच्या तासांत विरघळतात आणि दोन दिवस अखंड हाती राहतात. दादरहून मध्यरात्र उलटताच सुटणाऱ्या तुतारी एक्सप्रेसचे तिकीट काढताना मात्र तारखेकडे नीट पाहावे लागते, कारण शुक्रवारच्या रात्रीची म्हणून जी गाडी गाठायची असते तिच्या तिकिटावर शनिवारची तारीख असावी लागते. ही चूक फलाटावर पोचल्यावरच ध्यानात येते आणि तेव्हा उपाय उरलेला नसतो. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेगळे वेळापत्रक लागू होते, वेगमर्यादा ताशी ७५ किलोमीटरपर्यंत आणि अतिवृष्टीत ४० पर्यंत खाली येते, त्यामुळे जून ते ऑक्टोबर या काळात पोचण्याच्या वेळा पुन्हा तपासून घ्याव्या लागतात.

गिर्यारोहकांनी या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीच शोधले आहे. कर्जतहून कोंदिवडे गाठायचे, तेथून राजमाचीवर चढायचे आणि दुसऱ्या दिवशी पठारावरून चालत लोणावळ्याला उतरून गाडी पकडायची, असा घाट ओलांडणारा प्रवास मोटारवाल्याला करता येत नाही, कारण त्याला जिथे मोटार ठेवली तिथेच परत यावे लागते. खांडसच्या बाजूने भीमाशंकर चढून पुण्याच्या अंगाने एसटीने परतणाऱ्यांची गोष्ट हीच. मोटारीचे स्वातंत्र्य म्हणून जे सांगितले जाते त्याला ही एक अदृश्य दोरी बांधलेली असते. शेवटच्या कर्जत किंवा कसारा लोकलची वेळ ज्यांना तोंडपाठ असते, अशा मंडळींनी सह्याद्रीतल्या कितीतरी वाटा या स्वस्त गाड्यांच्या आधारानेच तुडवल्या आहेत.

मोटारीचा निर्विवाद फायदा मात्र आयत्या वेळच्या निर्णयात आहे. रेल्वेचे आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते, आणि जोडून सुट्ट्या आल्या की कोकणच्या गाड्यांची प्रतीक्षा यादी पाहता पाहता शेकड्यांत जाते. तत्काळ आरक्षण गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी, वातानुकूलित वर्गांसाठी सकाळी दहाला आणि इतर वर्गांसाठी अकराला खुले होते, पण त्यावर विसंबून चारजणांची सहल आखता येत नाही. गुरुवारी मनात आलेली सहल म्हणूनच बहुधा मोटारीनेच होते. मुंबई-पुणे मार्गावर परिस्थिती किंचित बरी आहे. डेक्कन क्वीन, प्रगती आणि सिंहगड या गाड्या सकाळी पुण्याहून मुंबईला आणि संध्याकाळी उलट धावतात, तर इंद्रायणी, इंटरसिटी आणि डेक्कन एक्सप्रेस सकाळी मुंबईहून निघतात. नोकरदारांच्या सोयीने रचलेली ही उलटसुलट जोडी दोन्ही शहरांतील शनिवारच्या प्रवाशालाही उपयोगी पडते. अडचण होते ती रविवारी संध्याकाळी, जेव्हा दोन्ही दिशांना सर्वांनाच एकदम परतायचे असते आणि आरक्षण नसलेल्या डब्यात दारापर्यंत माणसे उभी असतात.

याच संध्याकाळी घाटातला रस्ताही तुंबलेला असतो. तो सोडवण्यासाठी खोपोली ते कुसगाव असा बोगदे आणि उंच पूल यांचा सुमारे तेरा किलोमीटरांचा नवा दुवा, ज्याला ‘मिसिंग लिंक’ म्हणतात, रस्ते विकास महामंडळाने हाती घेतला. त्याने अंतर सहा किलोमीटरांनी आणि वेळ वीस-पंचवीस मिनिटांनी कमी होईल असे हिशेब मांडले गेले. वाढवलेला रस्ता नवी वाहने ओढून घेतो आणि काही वर्षांत पुन्हा भरतो, असा अनुभव जगभरच्या महानगरांतून आला आहे. रेल्वेच्या घाटाला मात्र अशी सुटका मिळालेली नाही. कर्जत ते लोणावळा तीन मार्ग असले तरी त्यांवरून लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्याही जातात, गाडी ढकलून माथ्यावर पोचलेली बँकर इंजिने परत खाली आणण्यासाठीही तेच रूळ लागतात, आणि ३७ ला १ हा चढ अजून गाड्यांचा वेग आणि संख्या ठरवतो. ही स्थिती बदलेपर्यंत रविवारी संध्याकाळी या मार्गावर नवी गाडी सोडण्यापेक्षा असलेल्या गाड्यांना जादा डबे जोडणे, आणि खेड, चिपळूण, नाशिक रोड यांसारख्या स्थानकांवर गाडीच्या वेळेशी बांधलेल्या एसटी सोडणे, एवढे तरी करता येण्याजोगे आहे, आणि त्यासाठी डोंगर फोडावा लागत नाही.